मानाची बी

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मी अजून बाहेर पडलेली नाही. रोज तिथे कुणीतरी खेळाचा व्हिडिओ टाकतं. बाटल्यांच्या झाकणांवरून अपूर्णांक, लंगडीतून पाढे, दोरीवरच्या उड्यांतून सम-विषम. खाली टाळ्यांची रांग लागते. मधूनच एखादी तरुण शिक्षिका लिहिते, बाई, तुमचा बियांचा खेळ मी वर्गात घेतला, मुलं काय रमली म्हणून सांगू. मी अंगठ्याचं चित्र टाकून मोकळी होते. तो खेळ घेऊ नका, असं खरं तर लिहायला हवं. पण मग का ते सांगावं लागेल, आणि ती हिंमत मला झालेली नाही. इथे सांगते.

माझी शेवटची शाळा दापोली तालुक्यात, समुद्रापासून बरीच आत, डोंगराच्या पोटाशी होती. पहिली ते पाचवी, पट एकोणीस, शिक्षक दोन. एक मी आणि दुसरे माझ्याहून वयाने मोठे गुरुजी. ते पहिली-दुसरी सांभाळत, मी वरचे तीन वर्ग एका खोलीत घेऊन बसायची. गावातले बहुतेक बाप्ये मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला गाव भरायचं आणि चार दिवसांत पुन्हा रिकामं व्हायचं. घरी बायका, म्हातारी माणसं आणि माझी ही एकोणीस पोरं.

भागाकाराने त्या पोरांना रडवलं होतं. आणि त्यांनी मला. फळ्यावर भागाकार मांडला की वर्गाची दातखीळ बसायची. पाढे येत होते, वजाबाकी येत होती, पण भागायचं म्हणजे नेमकं करायचं काय, हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. मी चिडायची. माझा आवाज चढला की शेजारच्या खोलीतून गुरुजी खोकायचे, म्हणजे मी समजायचं. शेवटी एका मार्चमध्ये मी हात टेकले आणि पोरांना म्हटलं, उद्या येताना घरून मूठमूठ काजूच्या बिया आणा. त्या दिवसांत नाहीतरी पोरांच्या खिशांत दुसरं काही नसतंच.

दुसऱ्या दिवशी टोपलीभर बिया जमल्या. पाच पोरांना गोल बसवलं, मधे बिया ओतल्या आणि म्हटलं, ह्या सगळ्यांत सारख्या वाटा. तिसरीतली एक मुलगी पुढे सरकली. बारीक चणीची, दोन घट्ट वेण्या, बोलायला लागली की समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. तिने ढिगातली एक बी उचलली, कपाळाला लावली, बाजूला भिंतीशी ठेवली आणि मग वाटायला सुरुवात केली. मी विचारलं, ती एक का गं काढलीस? ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच काहीतरी वेडगळ विचारलंय. म्हणाली, "देवाची नको काढायला?"

मग मला उलगडलं. त्या गावात पावसाच्या तोंडावर सगळे मिळून मासे धरायला नदीचा डोह मारतात. मासे एका जागी ओततात आणि घरटी वाटे घालतात. पण कुणाचाही वाटा घालण्याआधी ग्रामदेवतेचा मानाचा वाटा बाजूला निघतो आणि तो गुरवाच्या घरी जातो. फणस फोडला तरी तेच, नवा तांदूळ आला तरी तेच. वाटणं म्हणजे आधी मानाचं काढणं. ही गोष्ट पोरांना कुणी शिकवलेली नव्हती, ती त्यांना चालण्याबोलण्यासारखी आपोआप आली होती.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! प्रशिक्षणांत आमच्या कानीकपाळी ओरडत असत, गणित मुलांच्या जगण्याशी जोडा. हे तर जोडलेलंच हाती आलं होतं. त्याच दुपारी मी खेळ बसवला. ज्याच्यावर राज्य असेल त्याने दहा ते पन्नासमधला एक आकडा बोलायचा. तेवढ्या बिया मोजून घ्यायच्या. त्यातली एक मानाची म्हणून भिंतीशी ठेवायची. उरलेल्या सगळ्यांत सारख्या वाटायच्या आणि वाटून ज्या शिल्लक राहतील त्या बोलणाऱ्याच्या. म्हणजे आकडा असा निवडायचा की बाकी जास्तीत जास्त उरेल.

पोरं हरखून गेली. आठवडाभरात सगळ्यांना भागाकार येऊ लागला. आणि ती वेण्यांची मुलगी तर काय विचारता. पाच जणांत बसली की ती पंचेचाळीस म्हणायची, चाळीस म्हणायची, पस्तीस म्हणायची, आणि दर वेळी चार बिया जास्तीच्या उचलून परकराच्या ओच्यात टाकायची. सहा जण झाले की लगेच अठ्ठेचाळीस, बेचाळीस. बाकीच्यांना कळायचंच नाही की हिलाच कसं जमतं. तिने पहिल्या दिवशीच ओळखलं होतं की जितकी माणसं तितक्यांच्या पाढ्यातला आकडा घ्यायचा. एक मानाची गेली की बाकी आपोआप सर्वांत मोठी. नऊ वर्षांची पोर! मी शाळेत इतकी वर्षं घालवली, पण असं डोकं मला फार थोड्या वेळा बघायला मिळालं.

मग काय, मी हुरळले. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांसमोर खेळ करून दाखवला. कुणीतरी व्हिडिओ काढला, तो कुठल्या कुठे गेला. शिक्षणखात्याचे साहेब शाळा बघायला आले, त्यांनी भिंतीशी ठेवलेल्या बीला हात जोडले आणि पाठ थोपटून गेले. मी त्या दिवशी नवी साडी नेसले होते, खोटं कशाला बोलू. फक्त गुरुजी संध्याकाळी कुलूप लावताना म्हणाले की पोरांना मानाची न काढता वाटता येतं ना, ते एकदा बघून घ्या. मला राग आला. मला वाटलं ह्यांच्या पोटात दुखतंय. मी म्हटलं, गुरुजी, खेळ कुठला आणि गणित कुठलं हे माझ्या पोरांना बरोबर समजतं.

आणि दिसायलाही तसंच दिसत होतं. फळ्यावर नुसता भागाकार मांडला की ती वेण्यांची मुलगी तो मुकाट्याने बरोबर सोडवायची. तोंडी उदाहरण घातलं, इतकी फळं इतक्या मुलांत वाटली, तर तिचा हात वर. बाई, मानाची काढायची? मी वही तपासता तपासता म्हणायची, नाही गं. मग ती नाही काढायची आणि उत्तर बरोबर यायचं. कधी मी म्हणायची, हो, काढ. तेव्हा काढायची आणि तेही बरोबर यायचं. वर्षभर, दीड वर्ष ती विचारत होती आणि मी मान वर न करता उत्तर देत होते. ज्या पोरीला दर वेळी विचारावं लागतं तिला ते ठाऊक नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात आली नाही. मला ती तिची लाडिक सवय वाटायची.

ती पाचवीत आली तेव्हा तिच्यापुढे काय वाढून ठेवलंय ते सगळ्या गावाला माहीत होतं. आमची शाळा पाचवीला संपते. पुढचं हायस्कूल नदीपलीकडे, सात किलोमीटरवर. संध्याकाळची एसटी बंद झालेली. मोठ्या पोरी घोळक्याने चालत यायच्या, पण त्या वर्षी घोळका उरला नव्हता, पाचवीत ही एकटीच. रानातून एकटीला धाडायला आई तयार नव्हती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. बाप मुंबईत एका कॅन्टीनमध्ये, गाववाल्यांच्या खोलीत दहा जणांबरोबर राहणारा. थोरल्या बहिणीला दोन वर्षांपूर्वी मामाने मुंबईला नेलं होतं. तिकडे शाळेत घालतो म्हणाला होता. तिने मामाचं पहिलं मूल सांभाळलं आणि शाळेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आता मामीला दुसरं झालं होतं.

तिची आई एकदा शाळेत येऊन सगळं सांगून गेली. शब्द जोडून बोलणारी बाई नव्हती ती. म्हणाली की भावाला नाय म्हणायचं तर हातात काहीतरी हवं, पोरगी निवासी शाळेत लागली तर तो काय बोलणार. निवासी शाळा म्हणजे जिल्ह्यातली सरकारी शाळा, सहावीपासून बारावीपर्यंत राहणं-जेवणं-शिकणं सगळं तिथेच. प्रवेश परीक्षा देऊन मुलं घेतात. मी म्हटलं, तिची काळजी करू नका, तिचं माझ्याकडे लागलं. तोंडातून गेलं खरं.

सहा महिने शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेतलं. सरावाच्या पुस्तिका आणल्या. ती माझ्या टेबलाशी बसून सोडवायची, अडेल तिथे विचारायची, मी सांगायची. गणितात एकही चूक नाही. माझी छाती फुगायची.

थंडीत परीक्षा झाली. मीच तिला एसटीने दापोलीला घेऊन गेले. परीक्षा केंद्राबाहेर पालकांची ही गर्दी. ती आत गेली आणि मी चिंचेच्या झाडाखाली डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. बाहेर आली ती नाचतच. पेपर सोपा होता म्हणाली. स्टँडवर बस लागायला वेळ होता, म्हणून मी तिच्या हातातली प्रश्नपत्रिका घेऊन चाळायला लागले. मार्जिनमध्ये तिने पेन्सिलीने कच्चं काम केलेलं होतं, नेटकं, बारीक अक्षरात.

अठ्ठेचाळीस पेरू सहा मुलांत सारखे वाटले तर प्रत्येकाला किती. बाजूला लिहिलं होतं, अठ्ठेचाळीस वजा एक, सत्तेचाळीस. खाली दिलेल्या पर्यायांतल्या सातवर खूण. पन्नास गोट्या सात मुलांत वाटल्या तर किती उरतील. पन्नास वजा एक, एकोणपन्नास. बाकी शून्य. पानं उलटली. जिथे जिथे वाटणी होती तिथे तिथे एक वजा केलेला. अशी पाच उदाहरणं होती. बाकी सगळं गणित बरोबर, अगदी घड्याळाचं आणि क्षेत्रफळाचंसुद्धा.

मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, मानाची काढलीस होय गं? तिने सगळं सांगितलं. पहिलं वाटणीचं गणित आलं तेव्हा तिने हात वर केला. वर्गावरच्या सरांना विचारलं की मानाची काढायची काय. त्या सरांना बिचाऱ्यांना काय कळणार. ते म्हणाले, प्रश्न नीट वाच, त्यात सगळं दिलेलं आहे. तिने तीनदा वाचला. त्यात काढू नका असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मग तिने विचार केला की वाटायचं म्हटलंय म्हणजे काढायची असणारच. सांगून झाल्यावर ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी म्हटलं, "शाबास."

का म्हटलं? तिचा तो चेहरा बघून माझी जीभ उचलली नाही, हे खरं. पण पुरतं खरं नाही. चुकली म्हटलं असतं तर लगेच का चुकली हे निघालं असतं, आणि ते माझ्याच दाराशी येऊन थांबलं असतं. ज्या खेळावर मी टाळ्या घेत फिरले त्याने पोरीचा घात केला, हे तिला त्या स्टँडवर सांगायला मी भ्याले. तिला उसाचा रस पाजला आणि घरी आणून सोडलं.

मग निकालाची वाट बघणं सुरू झालं. मी रोज मनाशी गणितं मांडायची. बाकीचे प्रश्न बरोबर आहेत, भाषेचा भाग चांगला गेलाय, पाच प्रश्नांनी काय होतंय, होईल. शिमगा गेला. मामाचा फोन आला की आई त्याला सांगायची, निकाल लागूदे. गावात जो तो तिला निवासी शाळेवरून चिडवायचा, आता काय बाय, तू शिकून कलेक्टर होणार, आमाला वळखणार नायस. ती लाजायची. मी तिथून निघून जायची.

मेमध्ये एक दिवस तिची आई भर उन्हात माझ्या दापोलीच्या खोलीवर आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की दापोलीत मुलींचं वसतिगृह आहे, गरिबांच्या पोरींना घेतात, तिथून हायस्कूल जवळ. फॉर्म महिनाअखेरपर्यंत आहेत. तिने तो पदराच्या गाठीत बांधून आणला होता, चार घड्या घातलेला. विचारत होती की भरून ठेवू काय, बाई?

मी पंखा लावला, पाणी दिलं. मनात आलं, आता सांगून टाक. भरा म्हण, आत्ताच बसून भरू म्हण. पण भरा म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, का, तिकडचं होणार नाय काय? आणि दहा महिन्यांपूर्वी मी दिलेला शब्द, चार महिन्यांपूर्वीची ती शाबासकी, सगळं उघडं पडलं असतं. मी म्हटलं, कशाला दोन दोन ठिकाणी नाव अडकवता, एखाद्या गरजू पोरीची जागा जाईल. तिचं होणार आहे. ती माऊली केवढ्या विश्वासाने बघत होती माझ्याकडे. फॉर्म पुन्हा घडी करून पदरात बांधला आणि गेली. तो फॉर्म मी भरू दिला नाही. खेळाचं एक वेळ मला कळलं नव्हतं. हे मला कळत होतं.

निकाल जूनच्या तोंडाला लागला. यादीत तिचं नाव नव्हतं. कुठे किती गुण गेले हे कुणी सांगत नाही. पाच गणितांनी गेलं की आणखी कशाने, मला सिद्ध करता येणार नाही. पण मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

वसतिगृहात मी धावत गेले. जागा भरल्या होत्या. तिथल्या बाई भल्या होत्या, म्हणाल्या, आठ दिवस आधी आला असतात तर काहीतरी केलं असतं.

मामा तिला न्यायला येणार हे कळलं तेव्हा आदल्या दिवशी दुपारी मी गावात गेले. गुरुजींना सगळं सांगितलं होतं. त्यांनी मला बोल लावला नाही, फक्त जाऊन या म्हणाले. त्यांनी लावला असता तर बरं वाटलं असतं. घरी आई पडवीत नाचणी पाखडत होती. मुलगी पिशवीत कपडे भरत होती. दोन महिन्यांत ती उंच झाली होती, पण डोळ्यांत बघणं गेलं होतं. आईने सांगितलं की निकाल लागल्यापासून ती कुणाशी धड बोलत नाही. सारखी म्हणते, मला गणित येत नाय, मला उगाच वाटायचा येतो म्हणून.

हे ऐकल्यावर मला राहवलं नाही. मी पायरीवरच बसले आणि सगळं सांगितलं. मानाची काढायची नव्हती, ते मी तुला नीट शिकवलंच नाही, तू विचारत होतीस आणि मी लक्ष दिलं नाही, चूक तुझी नाही, माझी. भराभरा बोलून टाकलं.

आईने सूप खाली ठेवलं. "तुमाला कधी कळला?"

मी म्हटलं, त्याच दिवशी. स्टँडवर.

तिने पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाली, "मंग मी उन्हातान्हाची तुमच्याकडे आले तेवा तुमाला ठावं होता."

मी मान डोलावली. मला वाटलं ती आता बोलेल, आरडेल, निदान उठून आत जाईल. तिने सूप पुन्हा हातात घेतलं आणि नाचणी पाखडायला लागली. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

मुलगी मात्र पिशवी सोडून पुढे आली होती. कितीतरी दिवसांनी तिने माझ्याकडे सरळ बघितलं.

"म्हंजे मला येत होता, बाई?"

"येत होतं गं बाय."

"सगळा?"

"सगळं."

तिचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. ती आईच्या खांद्याला धरून हलवायला लागली, आये, ऐकलास, मला सगळा येत होता. आईने सुपातून मान वर केली नाही. नुसतं म्हणाली, "आयकला. कपडे भर."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती मुंबईला गेली.